नवं सील महिनाभरात पुन्हा गळतंय: स्किड स्टिअर लोडरच्या अ‍ॅक्सलची गळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी

प्रश्न थोडक्यात असा: स्किड स्टिअर लोडरच्या (दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळणाऱ्या बकेटवाल्या छोट्या मशीनच्या) मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळत होतं, रिमवर काळा चिकट थर बसत होता. अ‍ॅक्सलचं बाहेरचं ऑइल सील बदललं. महिनाभर सगळं कोरडं राहिलं आणि मग पुन्हा तीच गळती सुरू झाली. सील हलक्या प्रतीचं निघालं, की बसवताना काही चुकलं?

महिनाभर कोरडं राहून मग गळायला लागलेलं सील सहसा स्वतः दोषी नसतं. तिरकं बसलेलं किंवा लिप (शाफ्टला टेकणारी रबरी कडा) कापली गेलेलं सील पहिल्या दिवसापासूनच गळतं. काही आठवडे टिकून मग सुटणाऱ्या सीलमागे बहुधा चारपैकी एखादं कारण निघतं. बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलाई, आलेला असतो, शाफ्टवर लिप टेकते तिथे चर पडलेली असते, चेनकेसमध्ये (चेनच्या तेलपेटीत) दाब साठत असतो किंवा ड्राइव्ह मोटरचं हायड्रॉलिक तेल चेनकेसमध्ये शिरत असतं. यातलं नेमकं काय झालंय, ते चाक खोलण्याआधीच बऱ्यापैकी कळू शकतं. म्हणून दुसरं सील विकत आणायची घाई करू नका.

आधी रचना समजून घेऊ, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. या मशीनला डिफरन्शियल नसतो. डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक हायड्रोस्टॅटिक मोटर असते. मोटरच्या स्प्रॉकेटवरून एक चेन पुढच्या अ‍ॅक्सलला आणि एक मागच्या अ‍ॅक्सलला जाते. चेन आणि स्प्रॉकेट ज्या पेटीत तेलात फिरतात ती चेनकेस. काही मॉडेलमध्ये मध्यभागी एकच सामाईक चेनकेस असते, काहींत डावी-उजवी वेगळी. चेनकेसच्या भिंतीला बोल्टने बसवलेल्या जाड नळीतून, म्हणजे अ‍ॅक्सल हाउसिंगमधून, शाफ्ट बाहेर येतो. हाउसिंगच्या दोन्ही टोकांना टेपर रोलर बेअरिंग असतात, बाहेरच्या बेअरिंगच्या पुढे ऑइल सील आणि त्याच्याही पुढे चाक बसवायची फ्लँज. बऱ्याच बनावटींत या बेअरिंगना चेनकेसमधलंच तेल मिळतं. काहींत मात्र हाउसिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं आणि आतल्या टोकालाही वेगळं सील असतं. तुमचं मशीन यातलं कुठलं, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी बघा. ग्रीसवाल्या हाउसिंगमधून तेल बाहेर येत असेल तर आतलं सीलही गेलेलं आहे, आणि नुसतं बाहेरचं बदलत बसलात तर ही गळती कधीच थांबणार नाही.

मी इथे चाकाच्या मशीनबद्दलच बोलतोय. रबरी ट्रॅकवाल्या लोडरचा फायनल ड्राइव्ह प्लॅनेटरी असतो, त्याला धातूच्या जोड-रिंगांचं फेस सील असतं आणि त्याची गणितं वेगळी असतात.

गळणारं तेल कुठलं आणि येतंय कुठून

अ‍ॅक्सलजवळ तेल दिसलं म्हणजे ते अ‍ॅक्सलमधूनच आलं असं नाही. या मशीनच्या पोटात हायड्रॉलिकचे होज, कंट्रोल व्हॉल्व्ह, इंजिनचा सम्प आणि डिझेलच्या नळ्या एकमेकांना खेटून असतात. वरचा एखादा फिटिंग पाझरत असेल तर तेल चेसिसच्या आतल्या पत्र्यावरून वाहत येऊन अ‍ॅक्सल हाउसिंगच्या खालून थेंबाथेंबाने पडतं. मी पाहिलेल्या 'अ‍ॅक्सल लीक'पैकी बऱ्याच प्रत्यक्षात लिफ्ट किंवा टिल्ट सर्किटच्या होजच्या निघाल्या.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. डिग्रीझर लावून, ब्रशने घासून, हाउसिंग, फ्लँज आणि चेसिसचा आतला भाग स्वच्छ करा. प्रेशर वॉशरचा झोत सरळ सीलवर मारू नका, तसं केल्याने सीलच्या लिपखालून पाणी आणि रेती आत ढकलली जाते आणि जी गळती नव्हती तीही सुरू होते. सगळं कोरडं झालं की रिमच्या आतल्या बाजूला आणि हाउसिंगच्या जोडावर पातळ थर टाल्कम पावडर मारा. मशीन अर्धा तास चालवा, गरम होऊ द्या, आणि मग टॉर्च घेऊन बघा. पावडरवर ओली रेघ सर्वांत वर जिथे सुरू होते तिथे गळतीचा उगम. खालचा थेंब बघून निदान करू नका. तेल खाली येतं, फिरणाऱ्या चाकावरून फेकलंही जातं, पण स्थिर हाउसिंगवर ते वर चढत नाही.

रेघ फ्लँजच्या मागून, शाफ्टभोवती गोल दिसली तर गळती सीलमधून आहे. हाउसिंग आणि चेसिस यांच्या जोडावर दिसली तर तिथला ओ-रिंग, गॅस्केट किंवा सिलिकॉन गेलंय, किंवा हाउसिंगचे बोल्ट ढिले झालेत. या बोल्टांच्या बाबतीत एक गंमत आहे. काही मशीनमध्ये बोल्टची भोकं आरपार चेनकेसच्या आत उघडतात, त्यामुळे गॅस्केट नवं घालूनही आट्यांतून तेल पाझरत राहतं आणि माणूस सीलकडे संशयाने बघत बसतो. अशा बोल्टच्या आट्यांना थ्रेड सीलंट लावल्याशिवाय ते थांबत नाही. हाउसिंगच्या वेल्डिंगला केसासारखी तडा गेलेली असू शकते, विशेषतः जड काम केलेल्या मशीनमध्ये. ती धुतल्यावर, पावडर मारल्यावरच दिसते.

आता तेलाची ओळख. हायड्रॉलिक तेल तुलनेने पातळ आणि स्वच्छ असतं, चेनकेसचं तेल चेनच्या झिजेमुळे करडं-काळं झालेलं असतं, गिअर ऑइल असेल तर गंधकाचा उग्र वास येतो. पण काही उत्पादक चेनकेसमध्ये इंजिन ऑइल घालायला सांगतात, काही हायड्रॉलिक तेलच घालायला सांगतात. तुमच्या मशीनमध्ये दोन्हीकडे एकच तेल असेल तर रंगावर विसंबून चालत नाही. तेव्हा अतिनील दिव्याखाली चमकणारा डाय वापरा. तो फक्त चेनकेसमध्ये घाला, हायड्रॉलिक टाकीत नको. दोन दिवसांनी दिवा मारला आणि गळतीचं ठिकाण चमकलं, तर तेल चेनकेसचं आहे हे पक्कं.

तेल दुधासारखं पांढुरकं दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय. सील बाहेरून आतही गळतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पांढुरक्या तेलात चाललेले टेपर बेअरिंग बाहेरून चांगले वाटले तरी रोलरवर गंजाचे ठिपके पडलेले असतात, आणि ठिपका पडलेला बेअरिंग पुढे खडबडीत होतच जातो.

लेव्हलची परीक्षा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती देणारी आणि फुकट होणारी चाचणी हीच, आणि सर्वांत कमी केली जाणारीही हीच. मशीन सपाट जमिनीवर, आर्म खाली, थंड अवस्थेत उभं करा. चेनकेसची लेव्हल प्लगवरून किंवा डिपस्टिकवरून बघून लिहून ठेवा. हायड्रॉलिक टाकीची साइट गेजवरची लेव्हलही लिहा. मग काही दिवस नेहमीसारखं काम करा आणि त्याच जागी, त्याच अवस्थेत पुन्हा बघा.

चेनकेसची लेव्हल उतरली आणि हायड्रॉलिकची तशीच राहिली, तर साधी बाहेरची गळती आहे. सील, गॅस्केट, ड्रेन प्लग किंवा तडा.

चेनकेसची लेव्हल तीच राहिली किंवा वाढली, आणि बाहेर कुठला होज पाझरत नसताना हायड्रॉलिक टाकी उतरतेय, तर ड्राइव्ह मोटरचं शाफ्ट सील गेलंय. मोटरमधलं तेल चेनकेसमध्ये भरतं, चेनकेस काठोकाठ होते, चेन त्या जास्तीच्या तेलाला घुसळून फेस करते, आणि तो फेस सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे अ‍ॅक्सल सीलमधून किंवा ब्रीदरमधून बाहेर येतो. चाकाचं सील इथे निव्वळ बळी असतं. कितीही महागाचं घाला, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गळेलच. प्रश्नातली गोष्ट वाचून माझा पहिला संशय इथेच जातो. लेव्हल प्लग उघडताच तेल जोरात बाहेर आलं, तर उत्तर तिथेच मिळालं.

मोटरचं सील का गेलं, हाही प्रश्न विचारायलाच हवा. मोटरच्या बॉडीत आतली गळती साठते आणि केस ड्रेन लाइनमधून टाकीकडे परत जाते. ही लाइन दबली, मुडपली किंवा तिच्यातला फिल्टर चोंदला, तर मोटरच्या केसमध्ये दाब वाढतो आणि शाफ्ट सील आतून बाहेर ढकललं जातं. मोटर आतून झिजली असेल तर केस ड्रेनमधून वाहणारं तेलही वाढतं आणि त्याने दाब चढतो. म्हणून नुसतं मोटर सील बदलण्याआधी केस ड्रेनला टी लावून, कमी दाबाचा गेज जोडून, मशीन गरम असताना दाब मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. मोटरच्या शाफ्टचं बेअरिंग गेलेलं असेल तर शाफ्ट लटपटतो आणि तेही सील खातं.

एक सक्त सूचना. हायड्रॉलिकची गळती शोधताना होजवरून किंवा फिटिंगवरून हात फिरवू नका. दाबाने सुटणारी सुईसारखी धार कातडीतून आत तेल घुसवते. जखम बाहेरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि आत ऊती मरत जातात, ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला लावून फिरवा, धार असेल तर तो ओला होतो.

ब्रीदर आणि जास्तीचं तेल

चेनकेस गरम होते, आतली हवा फुगते. ती बाहेर जायला ब्रीदर असतो, निदान बऱ्याच मॉडेलमध्ये. तो चिखलाने बुजला की सगळा दाब सीलच्या लिपवर येतो. काढून डिझेलने धुवा, फुंकर मारून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. तसंच, कुणीतरी 'थोडं जास्त असू दे' म्हणून लेव्हलच्या वर तेल भरलं असेल तर आधी ते कमी करा. त्या दोन गोष्टींनीच गळती थांबली तर चाक खोलायचीही गरज नाही.

प्ले बघणे

आता बेअरिंग. चाक जमिनीपासून सुटेल एवढं मशीन उचला आणि चेसिसखाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकवर किंवा बकेटच्या जोरावर उचललेल्या मशीनखाली जाऊ नका. आर्म वर ठेवायचे असतील तर त्यांचा लॉक लावलेला हवा, कॅब उचलायची असेल तर तिचाही. टायरमध्ये पाणी किंवा फोम भरलेला असेल तर चाक किती जड होतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो, ते हाताने झेलायचा विचारही करू नका.

चाकाखाली लांब पहार घालून वर-खाली उचलून बघा, मग वरची आणि खालची बाजू आत-बाहेर हलवून बघा. हबवर डायल गेज लावता आला तर उत्तम. किती प्ले चालतो ते मॅन्युअल सांगेल, पण हाताला जाणवणारी आणि 'टक' असा आवाज करणारी हालचाल म्हणजे सीलच्या लिपसाठी खूप झाली. लिप शाफ्टच्या मागोमाग थोडीच हलू शकते. शाफ्ट त्यापलीकडे सरकला की एका बाजूला फट पडते आणि दुसऱ्या बाजूला लिप दाबली जाऊन जळते.

चाक हाताने गोल फिरवून बेअरिंग तपासायला जाल तर फसाल. चेन मोटरला जोडलेली आहे आणि पार्किंग ब्रेकही लागलेला असतो, त्यामुळे चाक चेनच्या ढिलाईएवढंच हलतं. बेअरिंगचा खरा खरखरीतपणा चेन उतरवल्यावरच हाताला कळतो.

खोलताना

तेल गरम असताना काढा, म्हणजे गाळही निघून येतो. काढलेल्या तेलात चुंबक फिरवा. बारीक करडी पूड नेहमीची, चेनची झीज. चकचकीत खवले किंवा पापुद्रे मिळाले तर बेअरिंगचा पृष्ठभाग उचकटतोय. चेन लिंकच्या पिनचा किंवा रोलरचा तुकडा मिळाला तर चेनही बदलायची तयारी ठेवा.

चेनकेसचं वरचं कव्हर काढा, स्प्रॉकेटच्या टोकाची रिटेनर प्लेट आणि बोल्ट सोडा, चेन ढिली करा. इथे मॉडेलप्रमाणे फरक पडतो. काहींत चेनला टेन्शनर असतो, काहींत हाउसिंगच लांबट भोकांवर मागे-पुढे सरकवून चेन ताणतात. दुसऱ्या प्रकारात हाउसिंग सोडण्याआधी चेसिसवर आणि हाउसिंगवर खूण करा. रिटेनर प्लेटखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, असतील तर त्या दोऱ्यात ओवून बाजूला ठेवा, जाडी मोजून लिहा. मग शाफ्ट बाहेरच्या बाजूला निघतो, स्प्रॉकेट आत राहतो. स्प्रॉकेट स्प्लाइनवर (शाफ्टवर लांबीच्या दिशेने कोरलेल्या दात्यांवर) गंजून घट्ट बसलेला असेल तर पुलरने काढा. हातोड्याने शाफ्टच्या टोकावर घाव घातले तर टोक पसरतं आणि स्प्रॉकेट परत कधीच सरळ बसत नाही.

शाफ्ट बाहेर आला की जुन्या सीलकडे नीट बघा, फेकून देऊ नका. लिपवर एकाच बाजूला झीज असेल तर सील तिरकं बसलं होतं किंवा शाफ्ट लटपटत होता. सगळीकडे सारखी पण कडक, तडे गेलेली लिप म्हणजे ती कोरडी फिरली किंवा जळली. लिप ठीक आहे पण बाहेरची कडा ओली आहे, म्हणजे तेल सीलच्या बाहेरून, बोअर (हाउसिंगमधलं सील बसायचं भोक) आणि सीलच्या मधून आलं. सगळ्यात वारंवार मात्र फ्लँजच्या मागे, शाफ्टभोवती घट्ट गुंडाळलेली नायलॉनची दोरी, बांधायची तार किंवा प्लास्टिकची पट्टी सापडते. चाक फिरता फिरता ती आणखी घट्ट होते, पहिल्यांदा धुळीची लिप कापते, मग मुख्य लिपखाली शिरते. अशी दोरी सापडली तर बेअरिंग आणि शाफ्ट ठीक असण्याची शक्यता चांगली आहे, आणि कामही सोपं.

शाफ्टवरची चर

याच ठिकाणी सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. शाफ्ट पुसून स्वच्छ करा, लिप जिथे टेकत होती तो चकचकीत पट्टा शोधा, आणि त्यावरून नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेने हळू ओढा. नख अडकलं तर चर आहे. डोळ्यांना ती नुसती चमकती रेघ वाटते, नखाला मात्र खाच लागते. त्याच खाचेत नवं सील बसवलं की लिपला पुरेसा दाब मिळत नाही. नवेपणामुळे काही आठवडे निभतं, मग गळतं. तुमच्या महिनाभराच्या कहाणीशी हेही जुळतं.

उपाय तीन. चर बारीक असेल आणि बोअरमध्ये जागा असेल तर नवं सील जरा कमी खोलवर किंवा जरा आत बसवा, म्हणजे लिप कोऱ्या धातूवर टेकेल. एक-दोन मिलिमीटर पुरतात, पण सील बेअरिंगला किंवा फ्लँजला घासणार नाही याची खात्री करा. चर ठळक असेल तर रिपेअर स्लीव्ह बसवा. ती पातळ स्टीलची नळी असते, एसकेएफच्या स्पीडी-स्लीव्हची भिंत ०.२८ मिमी एवढीच जाड असते, त्यामुळे सीलचा माप बदलावा लागत नाही. खोल चर असेल तर ती धातूमिश्रित इपॉक्सीने भरून, इपॉक्सी ओली असतानाच स्लीव्ह चढवायची. स्लीव्हसोबत मिळणाऱ्या टोपीसारख्या अवजारानेच ठोका. एकदा चिमटली की ती फुकट गेली. तिसरा उपाय म्हणजे शाफ्ट बदलणे. स्प्लाइनही झिजलेल्या असतील किंवा बेअरिंगची बैठक ढिली झाली असेल तर तोच.

चौथाही एक उपाय लोक करतात, शाफ्टवर वेल्डिंग भरून लेथवर फिरवणे. करता येतो, पण दोन अडचणी आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि त्याचं उष्णताप्रक्रिया केलेलं बाह्य कवच मऊ होतं. शिवाय लेथच्या टूलने पृष्ठभागावर आट्यांसारख्या सूक्ष्म रेषा राहतात आणि शाफ्ट एका दिशेने फिरताना त्या तेलाला बाहेर ढकलतात, सील निर्दोष असलं तरी. करायचंच झालं तर शेवटचा हात ग्राइंडिंगचाच हवा. एमरी पेपरने पॉलिश करतानाही शाफ्टभोवती गोल घासा, लांबीच्या दिशेने कधीच नाही.

बेअरिंग ठेवावे की बदलावे

तेल स्वच्छ होतं, प्ले नव्हता, रोलर आणि कप (बेअरिंगची बाहेरची रिंग) आरशासारखे आहेत, तर बेअरिंग ठेवा. सरसकट 'खोललंच आहे तर बदलून टाका' हे मला पटत नाही, कारण नवा बेअरिंग दाबताना आणि शिम लावताना चुकण्याचीही संधी वाढते. पण पाणी शिरलं असेल, रंग निळसर झाला असेल, कपमध्ये रोलरच्या अंतरावर आडव्या खुणा दिसत असतील, तर बदला. बदलताना कोन (रोलरसह आतला भाग) आणि कप जोडीनेच, नवा कोन जुन्या कपात कधीच नाही.

कोन शाफ्टवर चढवायला गरम करायचा असेल तर तेलात किंवा इंडक्शन हीटरवर, १२० अंश सेल्सिअसच्या वर नको. गॅसची ज्योत लावली तर स्टील मऊ पडतं आणि बेअरिंग बाहेरून नवा दिसूनही आतून जुना होतो. प्रेसवर दाबताना जोर नेहमी कोनच्या आतल्या रिंगवर द्या, केजवर (रोलर धरून ठेवणाऱ्या जाळीवर) किंवा रोलरवर नको.

प्रीलोड, म्हणजे बसवतानाच बेअरिंगला दिलेला दाब, ही या कामातली खरी कसोटी. शिम काढून किंवा नट आवळून बेअरिंग इतके जवळ आणायचे की प्ले संपेल, पण शाफ्ट जखडणार नाही. अंदाजाने करू नका. सील न बसवता आणि चेन न जोडता, फ्लँजभोवती दोरी गुंडाळून स्प्रिंग बॅलन्सने ओढा आणि शाफ्ट फिरत ठेवायला किती जोर लागतो ते बघा. हा आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, नव्या बेअरिंगसाठी वेगळा आणि वापरलेल्यांसाठी कमी. सील बसवल्यावर त्याचा ओढ मिसळतो आणि मग माप खरं राहत नाही, म्हणून ते आधीच घ्यायचं. रिटेनर बोल्टला थ्रेड लॉकर आणि टॉर्क रेंच दोन्ही लागतात. हा बोल्ट ढिला झाला की प्रीलोड गेला, प्ले आला, आणि सील पुन्हा त्याच मार्गाने.

सील बसवणे

सीलचं माप शाफ्टचा व्यास, बोअरचा व्यास आणि रुंदी असं तीन आकड्यांत सीलवरच छापलेलं असतं. पण मापावरून आणू नका, पार्ट नंबरवरून आणा. मापाला बरोबर बसणारं साधं एका लिपचं सील आणि मूळचं धुळीच्या लिपसह असलेलं सील यांत मशीनच्या कामाच्या वातावरणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. महागड्या वायटन रबराची इथे सहसा गरज नसते, चेनकेस तेवढी तापत नाही. नायट्राइल रबर पुरतं. काही नव्या बनावटींत कॅसेट सील असतं, त्यात लिप आणि ती टेकणारी रिंग एकाच पॅकमध्ये येते. ते बसवण्याआधी हाताने फिरवून बघायचा मोह टाळा आणि ज्या अवजाराने दाबायला सांगितलंय त्यानेच दाबा.

स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी उलटी बसवलेली सीलं मिळतात. बोअर साफ करा, कडेला बर, म्हणजे धातूची उठलेली धार, असेल तर काढा. सीलची बाहेरची कडा रबराची असेल तर फक्त तेलाचा हात लावा. उघड्या धातूची असेल तर बोअरला सीलंटचा पातळ थर, तोही बाहेरच्या अर्ध्या भागावरच, म्हणजे तो लिपकडे सरकणार नाही. लिपला तेल किंवा ग्रीस लावाच. कोरड्या लिपने सुरुवात झाली तर ती पहिल्या काही मिनिटांतच जळते आणि चेनकेसचं तेल तिथवर पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन लिपच्या मध्ये थोडं ग्रीस भरून ठेवलं की धुळीची लिपही कोरडी फिरत नाही.

शाफ्ट सीलमधून आत सरकवताना स्प्लाइनच्या धारदार कडा लिप कापतात. स्प्लाइनवर पातळ प्लास्टिकची शीट किंवा टेप गुंडाळा, तेल लावा आणि मग सरकवा. सील बोअरमध्ये दाबताना त्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जेमतेम लहान असलेला सपाट ड्रिफ्ट किंवा पाइपचा तुकडा वापरा. हातोडीने एकदा इकडे, एकदा तिकडे असं ठोकत बसवलेलं सील कधी सरळ बसत नाही. शेवटी बोअरच्या कडेपासून सीलपर्यंतची खोली कॅलिपरने चार ठिकाणी मोजा. चारही सारखी यायला हवीत.

सीलचं आयुष्य कशाने घटतं

स्किड स्टिअर वळतोच चाकं आडवी घसटून. काँक्रीटवर जागच्या जागी गरकन फिरवलं की प्रत्येक वेळी बेअरिंगवर बाजूचा जोर येतो. चालवणाऱ्याने तीन टप्प्यांत वळण घेतलं तर टायरही वाचतात आणि बेअरिंगही. रिम उलटी लावून ट्रॅक रुंद केलेली मशीनं दिसतात. त्याने चाकाचं मध्य बाहेर जातं आणि बाहेरच्या बेअरिंगवर भार वाढतो. टायरवर चढवायच्या स्टीलच्या ट्रॅकनेही तसंच होतं. एका बाजूच्या पुढच्या-मागच्या टायरची उंची वेगळी असेल तर दोघं चेनने एकमेकांना बांधलेले असल्यामुळे कडक जमिनीवर एक चाक दुसऱ्याला सतत ओढतं, चेन ताणली जाते आणि त्याचा भार शेवटी अ‍ॅक्सल बेअरिंगवर येतो. नवा टायर घालताना त्या बाजूच्या दुसऱ्या टायरचा घेर मोजून बघा.

गळती थांबवणाऱ्या औषधांबद्दल विचारलं जातंच. सील फुगवणारी द्रव्यं जुनं, कडक झालेलं सील थोडं मऊ करतात, पण चर, प्ले किंवा दाब यांवर त्यांचा काही परिणाम होत नाही. चेनकेसमध्ये जाड ग्रीस भरायचा सल्लाही ऐकलाय. ते चेनच्या वाटेतून बाजूला सरकून तिथेच थिजतं आणि वरच्या बेअरिंगपर्यंत काहीच पोहोचत नाही. गळती कमी होते खरी, कारण गळायला तेलच उरत नाही.

परत भरताना

चेनकेस आतून पुसा, नवं तेल लेव्हल प्लगपर्यंत, एक थेंबही वर नाही. चेनचं टेन्शन मॅन्युअलप्रमाणे, हाउसिंग सरकवून ताणत असाल तर दोन्ही बाजूंचे बोल्ट एकसारखे आवळून. चाकाचे नट टॉर्कने आवळा आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा तपासा. मग लेव्हलची नोंद नव्याने सुरू करा, दोन्हीकडची, चेनकेसची आणि हायड्रॉलिक टाकीची. पहिल्या आठवड्यात सीलच्या कडेला दिसणारा पुसट ओलसरपणा लिपला लावलेल्या ग्रीसचा असतो, त्यावरून घाबरून परत खोलू नका. थेंब पडायला लागला तर लेव्हल पुन्हा बघा, आणि चेनकेसची लेव्हल चढायला लागली असेल तर मात्र चाकाकडे न बघता सरळ मोटरकडे जा.

बाकीची तीन चाकं त्याच वेळी खोलावी का? पहार लावून प्ले बघा, पावडर मारून ओल बघा. दोन्ही ठीक असतील तर हात लावू नका.